पासवर्ड चोरीला गेल्यावर आधी काय करायचं, नंतर काय

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर पारा ४५ च्या वर, माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात कूलर खडखडत होता, आणि आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर लॅपटॉपची बॅग छातीशी धरून आत आले. नागपुरातल्या आमच्या नंदनवनात सगळे त्यांना काकाजीच म्हणतात.

"बाबू, दोन दिवसांत चार खेपा जीमेलचा पासवर्ड बदलवला मी. तरी कोणीतरी घुसतेच आहे. काऊन होते असं?"

"बदलवला कुठून, काकाजी?"

"ह्याच लॅपटॉपवरून न. आणखी कुठून?"

घोळ तिथेच होता. चोर लॅपटॉपच्या आत बसलेला, आणि काकाजी त्याच्या डोळ्यांदेखत दर वेळी नवी किल्ली बनवत होते. पासवर्ड बदलणं चूक नव्हतं, क्रम चुकला होता. दुकानात येणाऱ्या दहा माणसांपैकी आठ जण हेच करून आलेले असतात, म्हणून हा लेख मी क्रमाच्याच हिशेबाने लिहितोय. ज्याच्यावर प्रसंग आलाच आहे त्याने सरळ "झालंच तर" या भागावर जावं, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

वर्म कोण, ट्रोजन कोण

दोन्ही कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरणारे, नुकसान करणारे प्रोग्राम. वर्म म्हणजे डोळे येण्यासारखा प्रकार. एकाला झाला की घरभर फिरतो. नेटवर्कवरून, पेनड्राइव्हवरून किंवा ईमेलमधून तो स्वतःच्या प्रती स्वतःच काढत जातो. ट्रोजन आपल्या पायाने कुठे जात नाही. त्याला आपणच घरात घेतो, चलानाची पावती, लग्नाची पत्रिका किंवा फुकटचं सॉफ्टवेअर समजून. ग्रीकांनी पोटात सैनिक लपवून ट्रॉय शहरात घुसवलेल्या लाकडी घोड्यावरून त्याला हे नाव पडलं, आणि ते चपखल आहे.

पासवर्डाचं आणि वर्मचं नातं जुनं. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर जो वर्म सुटला आणि गाजला, तो कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेला. त्याच्या पोटात लोक नेहमी ठेवतात तसल्या पासवर्डांची यादी होती, आणि ती लावून तो खाती उघडून बघायचा. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या वर्मने तर जगभरच्या कचेऱ्यांची ईमेल बंद पाडली. तो लिहिणाऱ्या ओनेल डी गुझमानने पुढे स्वतःच सांगितलं की इंटरनेटला पैसे नव्हते, म्हणून लोकांचे इंटरनेटचे पासवर्ड चोरायचे होते. ईमेलला जोडून येणाऱ्या त्याच्या फाइलच्या नावाच्या शेवटी दोन शेपट्या होत्या: आधी 'डॉट टीएक्सटी', मग 'डॉट व्हीबीएस'. विंडोज शेवटची शेपटी लपवायचं. बघणाऱ्याला वाटायचं साधं पत्र आहे, आणि उघडलं की प्रोग्राम चालू.

ती शेपटी विंडोज आजही लपवतं. म्हणून वाचता वाचताच हे काम उरकून घ्या. कोणतंही फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. आता 'बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नावाची फाइल आली तर तिचं खरं तोंड दिसेल. शेवटी ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस किंवा बॅट असेल तर ते कागदपत्र नाही, ते चालणारं काहीतरी आहे.

आजचा चोर कसा काम करतो

पूर्वीचा ट्रोजन दबा धरून बसायचा. २००७ च्या सुमाराला आलेला झ्यूस असाच: बँकेचं पान उघडलं की तुम्ही काय टाईप करता ते टिपायचा. आजकाल जास्त दिसतो तो स्टीलर. त्याला बसून राहायची गरजच नसते. तो आला की ब्राउझरमध्ये 'सेव्ह' केलेले सगळे पासवर्ड, कार्डांची माहिती, कुकीज, आणि डेस्कटॉपवरच्या 'पासवर्ड' असल्या नावाच्या फाइल गोळा करतो, त्यांचं गाठोडं बांधून पाठवतो, आणि पुष्कळदा स्वतःला पुसून निघून जातो. सगळा कारभार मिनिट-दोन मिनिटांचा. म्हणून "अँटिव्हायरसला काही सापडलं नाही" या वाक्यावर मी निर्धास्त होत नाही. चोर निघून गेलेल्या घरात चोर कसा सापडेल?

ब्राउझर ते पासवर्ड कुलपात ठेवतो, पण त्या कुलपाची किल्ली तुमच्या विंडोजच्या लॉगिनला बांधलेली असते. ट्रोजन तुमच्याच लॉगिनमध्ये, तुमच्याच नावाने चालतो, त्यामुळे ती किल्ली त्यालाही चालते.

कुकीजचं थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच फसतात. तुम्ही एकदा लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरला एक टोकन देते, मेट्रोच्या पाससारखं. पास असेपर्यंत कोणी पुन्हा तिकीट विचारत नाही. चोराने ते टोकन उचललं तर त्याला ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. पासवर्ड बदलूनही जुना पास चालू राहू शकतो. काकाजींच्या खात्यात घुसणारा कदाचित असाच शिरत होता. त्यामुळे पासवर्ड बदलणं आणि सगळे जुने लॉगिन तोडणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि दोन्ही करावी लागतात.

हा धंदा केवढा मोठा आहे? लुमा नावाच्या एकट्या स्टीलरने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर गाठल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. तो बनवणारे तो भाड्याने देतात. वापरणाऱ्याला प्रोग्रामिंग यावं लागतंच असं नाही.

आपल्याकडे तो येतो कुठून

*पेनड्राइव्ह.* परीक्षेचे फॉर्म आणि प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की आमच्याकडे पेनड्राइव्हची रांग लागते. मागच्या खेपेला इंजिनीअरिंगची एक पोरगी आली. पेनड्राइव्ह १६ जीबीची, काळी, झाकण हरवलेलं. "भाऊ, सगळ्या फाइल गेल्या, पण उघडलं की दिसतात." उघडून बघितलं तर आत एकच आयकॉन, पेनड्राइव्हच्याच नावाचा, कोपऱ्यात छोटा बाण. म्हणजे शॉर्टकट. मी डबल क्लिक न करता राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये 'टार्गेट' वाचलं. तिथे फोल्डरचा पत्ता नव्हता, एक स्क्रिप्ट चालवायचा हुकूम होता. शेवटी मात्र खरं फोल्डरही उघडून द्यायची सोय होती. क्लिक करणाऱ्याला फाइल दिसतात, त्याला संशय येत नाही, आणि मागे वर्म लॅपटॉपमध्ये उतरतो. मग त्या लॅपटॉपला जी पेनड्राइव्ह लागेल तिच्यात.

फाइल गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. 'व्ह्यू', 'शो', 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर 'फोल्डर ऑप्शन्स' मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची टिक काढा. बहुतेक वेळा बिननावाचं एक फोल्डर दिसतं, सगळं त्यात असतं. फक्त आपले कागद आणि फोटो बाहेर काढा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, मग टिक परत लावा. २००८ मधला कॉनफिकर हा वर्म तर विंडोजच्या ऑटोरनमधून पसरायचा, म्हणजे लावलेल्या पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम आपोआप पुढे करणाऱ्या सोयीतून. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही ती ऑटोरनची सोय बंद केली. आता क्लिक आपल्या हातून करून घ्यावा लागतो, म्हणून ही शॉर्टकटची युक्ती.

मी त्या पोरीला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह नेऊच नका. दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पीडीएफ पाठवा. तुमच्याकडे परत काही येत नाही. मात्र तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं जीमेल किंवा व्हॉट्सॲप वेब कधीच उघडू नका. आधारची प्रत द्यायची असेल तर मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, द्या, आणि प्रिंट निघाली की "भाऊ, फाइल डिलीट करा न" म्हणून समोर उभं राहून करून घ्या. यात लाजायचं काही नाही.

*क्रॅक.* म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून ते फुकटात चालवणं. काकाजींच्या लॅपटॉपवर नातवाने एक गेम टाकला होता, फुकटातला. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ: आधी अँटिव्हायरस बंद करा. पोराने केला. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणी पेनड्राइव्हमधून टाकून दिलेलं मराठी टायपिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर असो, अटी त्याच असतात. कुलूप काढून ठेवा म्हणणारा पाहुणा घरात घेऊ नये.

*खोटा कॅप्चा.* 'मी रोबोट नाही' असं लिहिलेलं पान, आणि खाली सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. खरा कॅप्चा असलं काही कधीच सांगत नाही. त्या तीन बटणांत तुम्ही चोराचा हुकूम स्वतःच्या हाताने चालवता. हे दिसलं की पान बंद.

*एपीके.* म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल. मोबाईलवर सध्या सगळ्यात जास्त हेच. 'आरटीओ चलान डॉट एपीके', 'शादी कार्ड डॉट एपीके', कधी बँकेच्या केवायसीच्या नावाने. एमएच ३१ किंवा एमएच ४९ ची, म्हणजे नागपूरची, गाडी असणाऱ्या कोणालाही चलानाची धास्ती असतेच, म्हणून बोट दाबलं जातं. त्यातून ओळखीच्याच नंबरवरून आलेलं असतं, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच गेलेला. ॲप बसलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. काही ॲप 'ॲक्सेसिबिलिटी' मागतात. ती दिली की स्क्रीनवर काय आहे ते वाचणं आणि तुमच्या जागी बटणं दाबणं त्यांना जमतं. आयकॉनही गायब होतो.

खरं चलान एपीकेने येत नाही. गाडीचा नंबर घेऊन महाट्रॅफिक ॲपवर, किंवा पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असलेल्या सरकारी साइटवर स्वतः जाऊन बघा. आणि अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधून व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांपुढचं बटण बंद करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर हे एक काम केलं तरी पुष्कळ झालं.

झालंच तर

पहिलं, इंटरनेट तोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद, केबल असेल तर उपटा. फोन असेल तर एअरप्लेन मोड, आणि वायफायही बंद झालं का ते बघा. चोराचा धागा आधी तुटला पाहिजे.

दुसरं, पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवा. इथे मिनिटं मोजावी लागतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. लोक आधी लेकाला, मग साळ्याला, मग माझ्यासारख्याला फोन करतात. आमच्याकडून पैसे थांबत नाहीत.

तिसरं, पासवर्ड, पण दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. घरात कोणाचा तरी साधा, नीट फोन असतोच. सुरुवात बँकेपासून करावीशी वाटते, पण पैसे गेले नसतील तर आधी ईमेल. बाकीच्या बहुतेक खात्यांचं 'फरगॉट पासवर्ड' ईमेलवरच येतं. जीमेलमध्ये नवा पासवर्ड टाका, मग 'मॅनेज युवर गूगल अकाउंट', 'सिक्युरिटी', 'युवर डिव्हायसेस' मध्ये जाऊन ओळखीचं-अनोळखी न बघता हातातलं यंत्र सोडून सगळ्यांना 'साइन आउट' करा. हा तो मेट्रोचा पास रद्द करण्याचा भाग.

त्याच बैठकीत तीन ठिकाणं तपासा. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचाच आहे का. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' ला कोणाचा पत्ता बसलाय का. आणि 'फिल्टर्स' मध्ये बँकेच्या मेल परस्पर डिलीट करणारा नियम आहे का. काकाजींच्या खात्यात फॉरवर्डिंगला एक अनोळखी पत्ता निघाला. चार वेळा पासवर्ड बदलला, पण त्यांची प्रत्येक मेल दोन ठिकाणी जात होती. हे फोनच्या ॲपमध्ये धड दिसत नाही, ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचं पान उघडावं लागतं.

मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन, चालू करा, शक्यतो एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर. त्यानंतर बँक, यूपीआयचा पिन, मग व्हॉट्सॲपचं 'लिंक्ड डिव्हायसेस' आणि त्याचा सहा आकडी पिन, मग फेसबुक-इन्स्टाग्राम. डिजिलॉकर आणि इन्कमटॅक्सचं खातं विसरू नका, आपली सगळी कुंडली तिथे असते. ब्राउझरमध्ये जे जे पासवर्ड सेव्ह होते ते सगळे गेले असं धरूनच चाला.

चौथं, मशीन. आधी विंडोजचंच हत्यार वापरा: 'विंडोज सिक्युरिटी', 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', त्यात डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन'. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही फुकट साधनं देतं. हे सगळं करा, पण स्टीलर येऊन गेल्याची खात्री असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कागद आणि फोटो तेवढे बाजूला काढा आणि विंडोज नव्याने टाका. 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. इन्स्टॉलरच्या फाइल, क्रॅक, गेम बॅकअपमध्ये घ्यायचे नाहीत, नाहीतर पाहुण्याला आपणच परत बोलावलं. विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, हेही याच वेळी लक्षात घ्या.

फोनचं थोडं वेगळं. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चोराकडे जायचे थांबतील. त्यावरून ##००२# डायल करा, कोणी कॉल फॉरवर्ड लावलं असेल तर सगळं रद्द होतं. मग बिघडलेला फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेले ॲप बंद ठेवून, चालू करा. बहुतेक फोनमध्ये पॉवर ऑफचं बटण स्क्रीनवर दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', 'डिव्हाइस ॲडमिन' आणि एसएमएसची परवानगी कोणाकोणाला आहे ते बघून त्या ॲपची परवानगी आधी काढा, मग ॲप काढा. उलट केलं तर 'अनइन्स्टॉल' चं बटण दबतच नाही. शंका राहिली तर फोन फॅक्टरी रीसेट.

फोन पुसायच्या आधी मात्र पुरावा जपा: तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, एपीकेचं नाव, बँकेचे एसएमएस, सगळ्याचे स्क्रीनशॉट. घाईत लोक चॅटच उडवतात आणि मग पोलीस स्टेशनात हात हलवत उभे राहतात.

पाचवं, कागद. १९३० नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, पोच क्रमांक लिहून ठेवा, आणि बँकेला लेखी अर्ज द्या. शाखेतला कोणी "होऊन जाईल काकाजी, कागद कशाला" म्हणाला तरी शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने वेळेला किंमत दिलेली आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील, म्हणजे पिन-ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडून लवकर कळवण्यातच फायदा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रारीत हे कलम आपण होऊन लिहायची गरज नाही, पण माहीत असावं.

आणि पुढे

रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं, म्हणजे मशीनमध्ये मोठे बदल करायची मुभा नसलेलं, वेगळं खातं ठेवा, नातवंडांना तर नक्कीच. ब्राउझरने 'सेव्ह करू का' विचारलं की बँक आणि ईमेलसाठी 'नेव्हर' म्हणा. एकच पासवर्ड चार ठिकाणी नको. सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, वापरता येत असेल तर उत्तम, त्याचा एक मुख्य पासवर्ड मात्र डोक्यात ठेवा, कुठल्याही फाइलमध्ये नाही.

काकाजींना पासवर्ड मॅनेजर काही झेपला नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप न्यायला आले तेव्हा हातात शाळेच्या हजेरीपटासारखी लांब वही होती, रेघा आखलेली, प्रत्येक खात्याला एक ओळ. "चालते का हे? माझा पोरगा म्हणते जुनाट आहे." चालतं म्हटलं. ट्रोजनला कागद वाचता येत नाही. फक्त वही कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नाही, आणि नव्या गेमसाठी नातू आला तर आधी माझ्याकडे पाठवा.